शेवाळी वाडगा

बसा चिटणीस, पडवीत वारा आहे.
दौत आडोशाला ठेवा, कोंबड्या लवंडतात.
तुम्हाला रायाजीराव हवेत, देवराव हवेत,
मुचकुंदीच्या मुखावरची ती चार बुरुजांची गादी हवी.
माझ्याकडे फक्त भांडी आहेत.

तर, वाडगा.
दाभोळच्या एका नाखव्याने आणला, भाताच्या तुसात पुरून,
चीनच्या बादशहाच्या मुदपाकखान्यातला म्हणे.
विहिरीच्या कठड्यावर श्रावणात धरतो, तो रंग.
तिकडे म्हणे भाऊ भावाला जेवायला बोलावतो
आणि वाडगा मध्ये बसतो, साक्षीला.
विष लागलं की तडकतो.
रायाजीरावांनी दोन मचवे सुपारी मोजली त्याच्यापायी.

तोवर त्या जागी माझी आई होती.
रोज पहिला घास तिचा,
मग घटिकापात्र बुडेपर्यंत
सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत बसायचं.
वाडगा आला त्या रात्री ती चुलीमागे
गार भात जेवली, सुकटीबरोबर, पोटभर.
कोणी बघत नव्हतं.
मी नऊ वर्षांची. एवढं सुख पुन्हा पाहिलं नाही.

मग थोरल्यांचं लग्न. मैनाऊ, खाडीपलीकडची.
तिला आणायला धाकटे गेले, देवराव.
भरती चुकली, होडी रात्रभर गाळात.
काय झालं? काही नाही.
सहा वल्हेकरी होते, मामी होती.
तिला थंडी वाजली, त्यांनी शेला दिला, एवढंच.
पण पुढे दर चैत्रात तिच्या खिडकीत
सुरंगीचा वळेसर असायचा.
थोरल्यांना वाटे, मी ठेवते.
मीच ठेवायचे.
कोण देतं, ते त्यांनी विचारलं नाही.

थोरले गेले मार्गशीर्षात, तिसऱ्या घासाला.
वाडगा अखंड.
वैद्य म्हणाला वात, गुरव म्हणाला देवचार.
मी मागीलदारी घासायला बसले तर मांजरीने बूड चाटलं
आणि माडाच्या मुळाशी जाऊन ताठ झाली.
वर बघते, मैनाऊ उभी. कपाळ पुसलेलं.
दोघींनी करवंटीने खड्डा खणला.
ती बोलली नाही. मी बोलले नाही.

मी का नाही, तेवढं लिहून घ्या:
वाडगा खोटा ठरला असता
तर सकाळी आईला पुन्हा हाक आली असती.

पाडव्याला देवराव गादीवर बसायचे.
भावजयीने कडुनिंब द्यायचा, घरचा रिवाज.
पाला मी वाटला. मिरी, ओवा, गूळ.
काजऱ्याची बी तिने स्वतः उगाळली,
सहाणेवर, गंधासारखी, घाई न करता.
कडूत कडू, कोण ओळखणार?
आणि वाडग्याच्या गळ्याला गुंडाळला वळेसर, सुरंगीचा.
विधवेला माळता येत नाही.
वाडग्याला येतो.

सदर म्हणाली, चिनी वाडगा आहे, निर्धास्त घ्या.
त्या भरल्या सदरेत तिघांनाच ठाऊक होतं
की तो तडकत नाही.
तिला. मला.
आणि ज्यांनी त्यातच आधी वाढलं होतं, त्यांना.

त्यांनी फुलं बघितली. मग तिच्याकडे बघितलं.
मग बोटाने पुसून पुसून खाल्लं,
पोर खरवस खातं तसं.
का, ते मला विचारू नका, मी भांडी घासते.
तिने पदर दातांत धरला होता.
संध्याकाळी तो मीच टाचला, दोन बोटं फाटलेला.

तुम्ही पटकी लिहा. पटकीने गेले.
तिचं पोर गादीवर आहे, तुमचा धनी,
त्याचं मीठ खाता, उगाच कशाला.

दमलात. उकड्या तांदळाची पेज आहे, फोडीचं लोणचं आहे.
नाही हो, दुसरं भांडं नाही घरात.
हा तोच. मैनाऊंनी जाताना दिला.
घ्या ना, निवते आहे.
उजेडात धरून बघा हवं तर,
कुठे तडा दिसतो का.